पीसी चालू होतो, फॅन फिरतात पण डिस्प्ले येत नाही, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला

छपाईवाला_चिपळूण · सोमवार, रात्री १०:२०

मंडळी नमस्कार, जरा अडचणीत आहे, कुणाला कळत असेल तर सांगा.

मी चिपळूणला घरातूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावती पुस्तकं, देवस्थानाचे वार्षिक अहवाल असलं सगळं. गणपतीला गावी गेलो होतो, घर १४ दिवस बंद होतं, जाताना पीसीची पिन विजेच्या बोर्डातून काढून ठेवली होती कारण मागच्या वर्षी विजेने शेजाऱ्यांचा टीव्ही गेला होता. काल परत आलो, पिन लावली, बटण दाबलं तर कॅबिनेटची लाइट लागते, प्रोसेसरचा फॅन फिरतो, मागचा फॅन पण फिरतो, पण मॉनिटरवर फक्त नो सिग्नल येतं आणि मग मॉनिटर झोपतो. पाच सहा वेळा केलं, तेच.

कॉन्फिगरेशन सांगतो, आय५ ४४६०, एच८१ चा बोर्ड, ४-४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, २४० जीबीची एसएसडी त्यात विंडोज १०, आणि १ टीबीची हार्डडिस्क त्यात कामाच्या सगळ्या फायली. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, मॉनिटर मदरबोर्डाच्याच व्हीजीए पोर्टला लावलेला आहे. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, ४५० वॅटचा.

आज सकाळी इथल्या एका दुकानात नेला तर त्यांनी बटण दाबलं, अर्धा मिनिट बघितलं आणि म्हणाले मदरबोर्ड गेलाय, या बोर्डाचा नवीन मिळत नाही आता, बोर्ड प्रोसेसर रॅम असा पूर्ण सेट घ्या, साडेतेरा हजार. कॅबिनेट उघडलं सुद्धा नाही. मी घरी घेऊन आलो परत. नवरात्र तोंडावर आहे, तीन मंडळांची पावती पुस्तकं द्यायचीयत आणि ११ वर्षांच्या फायली आत आहेत. पैसे लागले तर घालीन पण खरंच बोर्ड गेलाय का ते आधी कळायला हवं. घरात स्क्रू ड्रायव्हर आहे, एक साधा मल्टीमीटर आहे, बाकी काही नाही.

दापोली_७० · सोमवार, रात्री १०:४१

रॅम काढा, खोडरबरने घासा, परत बसवा. आपल्याकडे पावसात हेच होतं दर वर्षी. चालू होईल, टेन्शन घेऊ नका.

सोल्डर_आणि_तार · सोमवार, रात्री ११:३०

दादा, आधी एक गोष्ट, तुमच्या फायली सुरक्षित आहेत. बोर्ड खरंच गेला असला तरी हार्डडिस्क आणि एसएसडीला सहसा काही झालेलं नसतं, उद्या गरज पडली तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही पीसीला साटा केबलने लावा किंवा यूएसबी केसमध्ये घाला, सगळं दिसेल. त्यामुळे फायलींच्या भीतीने घाईत साडेतेरा हजार देऊ नका. मी कोल्हापुरात १७ वर्षं रिपेअरिंग करतोय, नो डिस्प्लेची कंप्लेंट घेऊन येणाऱ्या पीसीत बोर्ड खरोखर मेलेले कमी असतात, आणि अर्ध्या मिनिटात ते कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही.

फॅन फिरतोय याचा अर्थ फक्त एवढाच की एसएमपीएस चालू झालाय आणि १२ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचतायत, पीसी चालू झालाय असा नाही. बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल. एसएमपीएस आधी आपले व्होल्टेज जागेवर आले की बोर्डाला सांगतो की पॉवर ठीक आहे, मग बोर्ड प्रोसेसरला सोडतो, प्रोसेसर बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, चिपमधून पहिल्या सूचना वाचतो, मग रॅम ओळखून ती चालू करतो, त्यानंतर ग्राफिक, आणि ग्राफिक चालू झालं की मगच स्क्रीनवर पहिलं अक्षर येतं. म्हणजे यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडली तरी बाहेरून दिसतं तेच, फॅन फिरतोय आणि स्क्रीन काळी. म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी कुठं अडलीय ते शोधायचं, पार्ट बदलायचं नाही.

आता हे करा. चालू करून एक मिनिट थांबा आणि कीबोर्डचं नमलॉक आणि कॅप्सलॉक दाबून बघा, लाइट लागते विझते का. लागत विझत असेल तर पीसी आतून चालू होतोय, फक्त चित्र बाहेर येत नाही, मग मॉनिटर, केबल, पोर्ट याकडे जायचं. लाइट ढिम्म हलत नसेल तर तो स्क्रीनपर्यंत पोचायच्या आधीच अडलाय, मग रॅम, प्रोसेसरची पॉवर, बायोस, बोर्ड. या एका चाचणीने अर्धा रस्ता कापला जातो आणि त्याला झाकण पण उघडावं लागत नाही.

दुसरं, तुम्ही लिहिलेलं एक वाक्य महत्त्वाचं आहे, १४ दिवस पिन काढलेली होती. पिन लागलेली असते तेव्हा पीसी बंद असला तरी एसएमपीएस थोडी पॉवर देत असतो आणि बोर्डावरचा बटण सेल खर्च होत नाही. पिन काढली की घड्याळ आणि सेटिंग सगळं त्या सेलवर. सेल जुना असेल तर सेटिंग उडालेली असणार. तेवढ्याने डिस्प्ले जात नाही सहसा, पण काही बोर्ड सेल फार उतरला की अडून बसतात. सीआर२०३२ असतो, काढून मल्टीमीटरवर बघा, नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदलून टाका.

आणि पीसी कॅबिनेटच्या बाजूला भिंत आहे का, ओल येते का, तेही सांगा.

शाळेची_लॅब · मंगळवार, सकाळी ६:५०

मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे, नाशिक जिल्ह्यात, आमच्या लॅबमध्ये १२ जुने पीसी आहेत, रिपेअरला पैसे नसतात म्हणून मीच शिकले हे सगळं. वर सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, त्यात दोन गोष्टी घालते.

मॉनिटरचा संशय आधी फेडून घ्या. केबल पीसीकडून काढा आणि मॉनिटर चालू करा, त्याने स्वतःचा नो सिग्नलचा मेसेज दाखवला आणि मेन्यूचं बटण दाबल्यावर मेन्यू आला तर मॉनिटर चांगला आहे. तुमच्या केसमध्ये मेसेज येतोय म्हणजे तो चांगलाच आहे, पण इनपुट व्हीजीएवर आहे का तेवढं बघा, माझ्याकडे एकदा मुलांनी एचडीएमआयवर नेऊन ठेवला होता आणि मी दोन तास कॅबिनेट उघडून बसले होते. ज्यांच्या मॉनिटरवर काहीच येत नाही पण पॉवरची लाइट असते त्यांनी अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून बघावं, अंधुक चित्र दिसलं तर आतला बॅकलाइट गेलाय, पीसीला काही झालेलं नाही.

दुसरी गोष्ट बझरची. मदरबोर्डला लावायचा छोटा काळा बझर मिळतो, चार पिनांच्या जागी लागतो, बोर्डावर तिथे स्पीकर असं छापलेलं असतं. पन्नास रुपयांच्या आत येतो आणि त्याच्याइतकं खरं दुसरं कुणी बोलत नाही. जुन्या कॅबिनेटमध्ये तो असायचा, आता देत नाहीत. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतो म्हणून नेटवरचा कुठलाही तक्ता आपल्याला लावू नये, आपल्या बोर्डाच्या मॅन्युअलमधला बघावा. ब्रँडेड पीसी असेल तर पॉवर बटणाची लाइट पण सांगते, आमच्याकडे डेलचे ऑप्टिप्लेक्स आहेत, त्यातल्या बऱ्याच मॉडेलना पिवळी दोनदा आणि पांढरी तीनदा लुकलुकली की रॅम सापडली नाही असा अर्थ. पण तुमचा असेम्बल्ड आहे तर बझरच घ्या.

इन्व्हर्टरवाला_सांगली · मंगळवार, सकाळी ९:१५

मल्टीमीटर आहे म्हणताय तर एसएमपीएस पण मोजून घ्या. पीसी चालू असताना हार्डडिस्कच्या मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये, पिवळी वायर आणि काळी यात १२, लाल आणि काळी यात ५. बारावाला ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे, पाचवाला ४.७५ ते ५.२५ मध्ये. मोजताना प्रोब घसरून दोन पिना एकत्र येऊ देऊ नका.

प्रोसेसरजवळ चार पिनांचा चौकोनी कनेक्टर असतो, दोन पिवळ्या दोन काळ्या, तो पूर्ण बसलाय का बघा. तो निघाला असेल तर सगळे फॅन फिरतात आणि प्रोसेसरला पॉवरच नसते, एकदम तुमच्यासारखंच दिसतं. मोठा २४ पिनांचा पण दाबून बघा.

फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका कुणाच्याही सांगण्यावरून. आत २३० व्होल्टचे डीसी होऊन ३२० च्या आसपास होतात आणि पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. माझ्या ओळखीच्या एका पोराला त्याचा झटका बसलाय, हात भाजला होता.

पहिली_बिल्ड · मंगळवार, दुपारी १:०५

सॉरी मध्येच विचारतोय पण माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, नवीन धागा काढू का इथेच चालेल? मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, परवा पहिल्यांदा स्वतः पीसी असेम्बल केला, आय५ १२४००एफ, बी६६० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, सेकंड हँड ग्राफिक कार्ड. चालू होतो, फॅन फिरतात, आरजीबीच्या रंगीत लाइट पण लागतात, कॅप्सलॉकची लाइट चालू बंद होते पण डिस्प्ले नाही. एचडीएमआय केबल मित्राच्या पीसीवर चालते. रात्रभर झोप नाही, घरच्यांनी पैसे दिलेत, काहीतरी जाळलं की काय असं वाटतंय.

सोल्डर_आणि_तार · मंगळवार, दुपारी १:४०

इथेच चालेल, घाबरू नको. कॅप्सलॉक चालतोय म्हणजे काही जळलेलं नाही, पीसी आत चालू आहे. एकच सांग, एचडीएमआय कुठे लावलीयस, वरती यूएसबीच्या शेजारी की खाली आडव्या कार्डाला? तुझ्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीही बाहेर येणार नाही, केबल कार्डालाच लावायची. आणि कार्डाला वरून सहा किंवा आठ पिनांची पॉवर असेल तर ती एसएमपीएसमधून वेगळी द्यावी लागते ती दिलीयस का बघ.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांची पण हीच गल्लत होते, ५६०० मध्ये ग्राफिक नाही, ५६००जी मध्ये आहे, एका अक्षराचा फरक.

पहिली_बिल्ड · मंगळवार, दुपारी २:०२

आला!!! बोर्डाला लावली होती. कार्डाला लावली, लगेच आला. खूप खूप थँक्यू सर, आईला फोन करून सांगितलं पहिलं.

सोल्डर_आणि_तार · मंगळवार, दुपारी २:२०

छान. आता एवढं कर की विंडोज टाकायच्या आधी बायोसमध्ये जाऊन १६ जीबी पूर्ण दिसतेय का बघून घे, सेकंड हँड कार्ड आहे तर तासभर गेम चालवून तापमान पण बघ.

नवीन बिल्ड करणाऱ्या बाकीच्यांसाठी, डीडीआर५ वाल्या बोर्डावर पहिल्यांदा चालू केल्यावर रॅमची जुळवणी चालते, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर जास्तच. तेवढ्यात बटण दाबून बंद करत बसलात तर ती दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटं थांबा, चहा घेऊन या. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक लाइट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट, ज्यावर गाडी अडते ती लाइट लागून राहते, ती बघायची. आणि जुन्या स्टॉकच्या बोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर लावला तर बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले येतच नाही, त्यात कुणाचाही दोष नसतो, बोर्डाच्या साइटवर कुठल्या व्हर्जनपासून तो प्रोसेसर चालतो ते दिलेलं असतं.

चिपळूणचे दादा, तुमचं काय झालं?

छपाईवाला_चिपळूण · मंगळवार, रात्री ९:१०

दुपारभर बाजारात होतो, आता बसलो. सगळ्यांचे मनापासून आभार, दुकानात अर्धा मिनिट मिळाला होता आणि इथे तुम्ही इतकं लिहिलंत.

नमलॉक कॅप्सलॉक काही लागत नाही, ढिम्म. म्हणजे आत अडलंय असं धरतो. मॉनिटर पुतणीच्या लॅपटॉपला लावला तर चांगला चालतो, केबल पण तीच. एसएमपीएस मोजला, ११.९६ आणि ५.०४ आलं. चार पिनांचा कनेक्टर घट्ट आहे. सेल काढून बघितला, २.३८ दाखवला, नवीन आणून टाकला, तरी डिस्प्ले नाही. खोडरबर पण केलं, दोन्ही रॅम घासल्या, तरी नाही.

भिंतीचं विचारलंत ते बरोबर, टेबलाच्या मागची भिंत पश्चिमेची आहे, पावसात ओल येतेच, या वेळी परत आलो तर भिंतीवर बुरशी होती आणि कॅबिनेटच्या पत्र्याला मागून पाणी सुटलेलं होतं हाताला. त्याच दिवशी चालू करायला नको होतं का?

बझर मिळाला, मोबाइल रिपेअरवाल्याकडे जुन्या बोर्डाचा पडलेला होता, त्याने पैसे पण घेतले नाहीत. लावला, चालू केलं, पण बझर वाजतच नाही. बीपच नाही म्हणजे बोर्ड गेला का?

सोल्डर_आणि_तार · मंगळवार, रात्री ९:३५

थांबा, इतक्यात नाही. आता मुख्य चाचणी. पीसी बंद करा, पिन विजेच्या बोर्डातून काढा, पिन काढलेली असताना पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली पॉवर जाईल. मग दोन्ही रॅम काढून बाजूला ठेवा, हार्डडिस्क एसएसडीच्या केबल पण काढा, फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि बझर. रॅम न घालता चालू करा. यात काही बिघडत नाही, निर्धास्त करा.

रॅम नसताना बझर ओरडला तर प्रोसेसर चालतोय, बायोस वाचला जातोय आणि तोच सांगतोय की मला रॅम सापडत नाही. मेलेला बोर्ड ओरडू शकत नाही. रॅमशिवाय सुद्धा गप्प राहिला तर मात्र आपल्याला बायोस, प्रोसेसर, बोर्ड इकडे बघावं लागेल.

ओल सुटलेली असताना चालू करायला नको होतं हे खरं, पण ते झालं ते झालं, त्याचा विचार करत बसू नका.

छपाईवाला_चिपळूण · मंगळवार, रात्री १०:०५

ओरडला!!! लांब लांब बीप, थांबून थांबून, सारखा. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सर बोर्ड जिवंत आहे ना मग?

सोल्डर_आणि_तार · मंगळवार, रात्री १०:१२

जिवंत आहे. आता रॅम किंवा तिचा स्लॉट, म्हणजे ती बसते ती खाच, एवढंच उरलं. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट, म्हणजे चार वेळा करून बघायचं. पट्ट्यांवर पेनाने क आणि ख लिहून चिकटपट्टी लावा नाहीतर रात्री गोंधळ होतो. क पहिल्या स्लॉटमध्ये, क दुसऱ्यात, ख पहिल्यात, ख दुसऱ्यात, प्रत्येक वेळी एकच पट्टी, आणि प्रत्येक वेळी आधी पिन काढायची. दोन्ही टोकांच्या क्लिप टक करून बसल्या पाहिजेत, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. जे होईल ते तसंच लिहा, अंदाज लावू नका.

छपाईवाला_चिपळूण · मंगळवार, रात्री ११:२०

क पहिल्यात, एक छोटा बीप आणि डिस्प्ले आला. डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. तारीख २०१३ ची दाखवली आणि एफ१ दाबा म्हणाला.
क दुसऱ्यात, डिस्प्ले नाही, बीप नाही.
ख पहिल्यात, डिस्प्ले आला.
ख दुसऱ्यात, नाही.

म्हणजे दोन्ही रॅम चांगल्या, दुसरा स्लॉट खराब, बरोबर? एसएसडी आणि हार्डडिस्क लावून बघितली, विंडोज उघडलं, सगळ्या फायली आहेत. ४ जीबीवर चालतंय, कोरलड्रॉ उघडायला वेळ घेतं पण उघडतं. सगळं पेन ड्राइव्हवर घेतोय आधी.

दापोली_७० · बुधवार, सकाळी ७:३०

वा! म्हटलं होतं ना रॅमचंच आहे. आता स्लॉटमध्ये पण खोडरबराचा बारीक तुकडा फिरवा किंवा गुळगुळीत कागद घडी करून.

शाळेची_लॅब · बुधवार, सकाळी ७:५५

दादा स्लॉटमध्ये खोडरबर अजिबात नको, कृपा करून. पट्टीवर ठीक आहे, पट्टीच्या पिना सपाट असतात आणि चुरा झटकता येतो. स्लॉटच्या आत स्प्रिंगसारख्या बारीक पिना उभ्या असतात, डीडीआर३ ला २४०, एका बाजूला १२०, त्यातली एक वाकली किंवा रबराचा चुरा आत बसला तर चांगला होणारा स्लॉट कायमचा जातो. आमच्या लॅबचा एक बोर्ड असाच गेला, माझ्याआधीच्या सरांनी टाचणीने साफ केला होता.

आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतंच, ९९ टक्क्यांचं. नवीन मऊ टूथब्रश त्यात बुडवून झटकून घ्या आणि स्लॉटच्या लांबीला धरून हलक्या हाताने. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि चिकटपणा आणणारं ग्लिसरीन असतं. थिनर, पेट्रोल तर नाहीच, प्लास्टिक विरघळतं.

सोल्डर_आणि_तार · बुधवार, सकाळी १०:००

बाईंचं शंभर टक्के बरोबर. आणि पट्टीवर पण खोडरबर हे कधीतरीच, हाताशी दुसरं काही नाही तेव्हा. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, दर पावसाळ्यात घासत राहिलात तर खालचं निकेल उघडं पडतं आणि मग ओल आणखी लवकर धरते. आमच्या धंद्यात सगळे खोडरबरच वापरतात, मीही सुरुवातीला वापरायचो, नंतर बंद केलं.

छपाईवाले दादा, दुसरा स्लॉट बाद असं इतक्यात म्हणू नका. टॉर्च तिरका धरून आत बघा, पिनांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसतोय का. दिसला तर बाई म्हणतात तसं साफ करा, पंधरा वीस मिनिटं वाळू द्या, मग पट्टी सात आठ वेळा घाला आणि काढा, पिन काढलेली असताना. पट्टी आत जाताना स्लॉटच्या पिना तिच्यावर घासतात, त्या घासण्यानेच उरलेला थर निघतो.

एवढं करूनही दुसरा स्लॉट नाहीच चालला तर आणखी एक कारण असतं, ते विचारून ठेवतो, प्रोसेसरचा फॅन हल्लीत कुणी काढून बसवला होता का? या प्रोसेसरमध्ये रॅम सरळ प्रोसेसरला जोडलेली असते, फॅनच्या चार पायांपैकी एक नीट बसला नसेल तर प्रोसेसर सॉकेटवर तिरका दाबला जातो आणि एका बाजूचा स्लॉट मरतो. लोक बोर्ड बदलतात आणि खरं कारण तो एक पाय असतो.

छपाईवाला_चिपळूण · बुधवार, रात्री ८:४५

फॅन कुणी काढलेला नाही, दोन वर्षांपूर्वी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली तेव्हाच. चारही पाय बघितले, बसलेले आहेत.

टॉर्च मारला तर दुसऱ्या स्लॉटच्या मागच्या टोकाला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, तीन चार पिनांवर हिरवट थर अगदी स्पष्ट दिसतो. पहिला स्लॉट स्वच्छ. मागच्या फॅनच्या जाळीतून ओली हवा सरळ तिथेच येत असणार. फोटो काढून ठेवलाय, दुकानदाराला दाखवणार आहे, भांडायला नाही, पुढच्या माणसाचं तरी झाकण उघडून बघतील म्हणून.

आयपीए मिळालं. एकदा साफ केलं, वाळू दिलं, ख पट्टी लावली, नाही आला. तेव्हा जरा धीर सुटला होता. दुसऱ्यांदा केलं, ब्रशला हिरवट डाग लागला या वेळी, मग पट्टी आठ वेळा आत बाहेर केली आणि चालू केलं तर एक बीप आणि डिस्प्ले. मग दोन्ही लावल्या. ८ जीबी पूर्ण दाखवतोय.

सोल्डर_आणि_तार · बुधवार, रात्री ९:०५

फार बरं वाटलं. आज रात्री मेमरीची टेस्ट लावून झोपा, विंडोजमध्ये स्टार्टला मेमरी डायग्नोस्टिक टाइप केलं की येते, किंवा पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घ्या, ती जास्त कडक आहे. एकही एरर आली तर दुसरा स्लॉट सोडून द्या आणि एकच ८ जीबीची डीडीआर३ पट्टी पहिल्यात लावा, जुन्या बाजारात स्वस्त मिळते. थोड्या एररवर काम चालू ठेवू नका, फायली हळूहळू खराब होतात आणि कळत नाही.

कॅबिनेट त्या भिंतीपासून निदान हातभर पुढे ओढा. पावसात पीसी बंद ठेवायचा नाही, काम नसलं तरी आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू करायचा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. विजेच्या भीतीने पिन काढायचीच असेल तर परत आल्यावर झाकण उघडून टेबल फॅनच्या साध्या हवेत एक दिवस ठेवायचा आणि मगच पिन लावायची. मॉनिटरची पण आणि ब्रॉडबँडची वायर असेल तर तीही काढत जा, वीज तिकडूनही येते.

भुसावळ_लोको · गुरुवार, सकाळी ६:२०

दोन दिवस वाचतोय, माझ्या वडिलांचा पीसी तीन महिने असाच पडलाय, आमच्याकडे पण मदरबोर्ड गेला सांगून पाठवलं होतं. आमच्याकडे ओल नाही, धूळ मात्र भयंकर आहे. काल रात्री रॅम काढून बझर लावला तर बीप येतोय. सेल काढून बायोस रिसेट करू का? काही उडणार नाही ना?

शाळेची_लॅब · गुरुवार, सकाळी ६:४५

जुना पीसी असेल तर बिनधास्त करा, फक्त तारीख वेळ आणि बूटचा क्रम परत लावावा लागेल. नवीन असेल आणि ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं फायलींचं कुलूप, लावलेलं असेल तर आधी त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधून लिहून घ्या, रिसेटनंतर ती मागू शकतो आणि नसेल तर फायली उघडत नाहीत. पण बीप येतोय तर आधी चार वेळाची रॅमची चाचणी करा, रिसेट नंतर. धूळ ब्रशने काढा, ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, फॅन जोरात फिरला तर खराब होतो.

छपाईवाला_चिपळूण · गुरुवार, सकाळी ७:१०

रात्रभर मेमटेस्ट चालवली, चार फेऱ्या झाल्या, एरर शून्य. कॅबिनेट खिडकीच्या बाजूला हलवलं, मागची भिंत मेच्या सुट्टीत बाहेरून वॉटरप्रूफ करून घेणार. पहिल्या मंडळाच्या पावती पुस्तकाचं प्रूफ आत्ता पाठवलं.

भुसावळचे भाऊ, चार वेळाचं जे येईल ते इथे लिहा, मी पण बघतोय.